दोन जॉन आणि एक मृत्युपत्र

प्रश्न: मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर लीड्सला राहते. ऑक्टोबरात सासूबाईंची पंचाहत्तरी आहे. त्यांच्या माहेरची वंशावळ फ्रेम करून द्यावी असं आम्हा दोघांच्या मनात आहे. १८५१च्या जनगणनेपर्यंत मागे पोचलो : जॉन, वय ६२, हातमागावरचा विणकर, जन्म सॉवर्बी, यॉर्कशायर. तिथे गाडी अडली. १७८८ साली याच नावा-आडनावाच्या दोन मुलांचे बाप्तिस्मे सापडतात. एक जूनमधला, सॉवर्बीच्या चॅपलमध्ये (मुख्य चर्चच्या हाताखालचं छोटं चर्च), बाप विल्यम. दुसरा नोव्हेंबरातला, हॅलिफॅक्सच्या चर्चमध्ये, बाप जोसेफ. इंटरनेटवरच्या १४ वंशवृक्षांत आमचा जॉन विल्यमचा मुलगा म्हणून दाखवलाय. या विल्यमचं १८०९ सालचं मृत्युपत्रही मिळालं, प्रोबेट (मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध होणं) १८११चं. त्यात ‘माझा मुलगा जॉन’ याला ४० पौंड ठेवलेत. विल्यमच्या मागे १६१० पर्यंतची साखळी या वंशवृक्षांत तयारच आहे, आणि सासूबाईंच्या घरात ‘आपण एके काळी कापडाचे मोठे व्यापारी होतो’ असं पूर्वीपासून बोललं जातं. मग विल्यमच धरून छापायला हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे. विल्यम चुकीचा ठरेल असं नाही. पण तो बरोबर आहे असं दाखवणारं तुमच्या पत्रात अजून काहीच नाही. १४ वंशवृक्ष म्हणजे १४ पुरावे नव्हेत. एकाने अंदाज केला आणि तेरा जणांनी नक्कल करायचं बटण दाबलं, असंच बहुतेक वेळा घडलेलं असतं. ते वृक्ष उघडून प्रत्येकाने जॉन आणि विल्यम यांच्या दुव्याखाली कोणता कागद जोडलाय ते पाहा. बाप्तिस्म्याखेरीज काही दिसलं नाही, तर ते तुमच्याच जागी उभे आहेत.

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलं की उपाध्याय नामावळीची वही काढतात आणि त्यात आपल्याच माणसांनी सांगितलेली बाप-आजा-पणजा अशी ओळ मिळते. ती वही वंशासाठीच लिहिलेली असते. इंग्लंडचं पॅरिश रजिस्टर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली नोंदवही, तसं नाही. त्यात विधींची नोंद आहे : अमुक दिवशी या बाळाचा बाप्तिस्मा झाला, अमुक दिवशी या दोघांचं लग्न लागलं, अमुक दिवशी याला पुरलं. आज बाप्तिस्मा झालेला जॉन आणि बासष्ट वर्षांनी जनगणनेत भेटलेला जॉन एकच, हे कुठल्याही पानावर लिहिलेलं नसतं. ते तुम्हाला सिद्ध करायचंय, आणि त्याचा निम्मा भाग म्हणजे दुसऱ्या जॉनचं पुढे काय झालं ते शोधणं.

आधी दोन्ही बाप्तिस्म्यांच्या मूळ पानांची छायाचित्रं उघडा. तुम्ही पाहिली ती बहुधा सूची असावी. सूचीत ‘हॅलिफॅक्स’ असतं ते चर्चचं ठिकाण, राहण्याचं नव्हे. हॅलिफॅक्स ही इंग्लंडातल्या सर्वांत अवाढव्य पॅरिशांपैकी एक होती. एलंड आणि हेप्टनस्टॉल ही तिची मोठी उपकेंद्रं, शिवाय सॉवर्बी, इलिंगवर्थ, कोली, लुडेंडेन, रिपोंडेन अशी चॅपलं. सॉवर्बीत राहणारा जोसेफ बाळाला घेऊन हॅलिफॅक्सच्या मुख्य चर्चला गेला असेल, तर मूळ पानावर बापाच्या नावापुढे ‘सॉवर्बीचा’ असं लिहिलेलं सापडू शकतं. तसं निघालं, तर ‘जन्म सॉवर्बी’ या जनगणनेच्या शब्दाचं वजन दोन्ही पारड्यांत सारखंच पडतं. सूचीत ते एका बाजूला झुकलेलं दिसत होतं, इतकंच. वेस्ट यॉर्कशायरच्या रजिस्टरांची छायाचित्रं अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या साइटवर आहेत. इंग्लंडातल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत बसून ही साइट फुकट पाहता येते, म्हणून वर्गणी भरण्याआधी जवळच्या वाचनालयात विचारा. थर्स्कजवळ आणखी एक सॉवर्बी आहे, तेव्हा नकाशा शेजारी असू द्या.

त्या पानाच्या वर-खालीही नजर टाका. १७७०च्या दशकात यॉर्कशायरमधले एक पाद्री, विल्यम डेड यांनी रजिस्टराचा विस्तृत नमुना तयार केला. त्यात बाळ कितवं अपत्य, बापाचा धंदा, आई कुणाची मुलगी, कधी कधी दोन्हीकडचे आजोबा, एवढं सगळं येतं. यॉर्कच्या आर्चबिशपांनी १७७७पासून तो उचलून धरला. १८१२पर्यंत काही ठिकाणी तो टिकला. गर्दीच्या पॅरिशांत मात्र एवढं कोण लिहीत बसणार, म्हणून पाद्र्यांनी अनेकदा टाळाटाळ केली. तुमच्या दोन्ही पानांपैकी एक जरी या नमुन्याचं निघालं, तरी पुष्कळ कष्ट वाचतील.

आता तिसऱ्या जॉनचा विचार करा. ‘दोनच सापडतात’ याचा अर्थ दोनच होते असा नाही. १७८३ ते १७९४ या काळात रजिस्टरातल्या प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, गरिबांना सूट होती. काहींनी कर लागण्याआधीच घाईने बाप्तिस्मे उरकले, काहींनी पुढे ढकलले, आणि मग एका घरची चार भावंडं एकाच दिवशी रांगेत दिसतात. म्हणजे १७८८च्या आसपासचा जॉन १७९५मध्येही बाप्तिस्मा घेतलेला असू शकतो. शिवाय हा सगळा टापू चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथांचा मोठा गड. हॅलिफॅक्समध्ये १७७२चं स्क्वेअर चॅपल, नॉर्थगेट एंड चॅपल, आणि डोंगरावर ठिकठिकाणी मेथडिस्टांची प्रार्थनास्थळं. या पंथांची बरीच रजिस्टरं १८३७नंतर सरकारजमा झाली. ती लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आरजी ४ या मालिकेत आहेत आणि ऑनलाइन पाहता येतात. तिथे १७८३ ते १७९५ असा शोध घ्या. जनगणनेतल्या वयावर एक वर्षाचाही भरवसा ठेवू नका. १८४१च्या जनगणनेत तर पंधराच्या वरची वयं पाचाच्या पाढ्यात खाली ओढायची सूचना होती. तिथे तुमचा ५२ वर्षांचा जॉन ५० दिसला तर बिचकू नका.

त्यानंतर मरणाच्या नोंदी. ही पायरी लोक सर्रास गाळतात, कारण आपल्याला जगलेला पूर्वज हवा असतो. १७८८ ते १८०० या काळातली मुख्य चर्चची आणि सगळ्या चॅपलांची दफनं पाहा : ‘जॉन, विल्यमचा मुलगा’ किंवा ‘जॉन, जोसेफचा मुलगा’. १८१३च्या आधी वय लिहिलेलं असेलच असं नाही, पण बापाचं नाव दिलं असेल तर तो सहसा लहान मुलगा समजावा. दोघांपैकी एकाचं बालपणीच दफन सापडलं, तर अर्धा प्रश्न त्याच संध्याकाळी सुटेल. पान फाटलेलं किंवा ओलीने गेलेलं असेल, तर बिशपकडे दरवर्षी पाठवायची नक्कल पाहा. ही पद्धत १५९८पासूनची. यॉर्कच्या नकला यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. मूळ आणि नक्कल कधी कधी जुळत नाहीत, आणि नकलेत एखादा शब्द जास्तही सापडतो.

आता तुमच्या मृत्युपत्राकडे वळू. ४० पौंडांचं वाक्य पुन्हा, शेवटपर्यंत वाचा. त्यात जॉनला पैसे कधी द्यायचे म्हटलंय? ‘माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांत’ असेल तर एक गोष्ट. ‘तो एकवीस वर्षांचा झाल्यावर’ असं असेल तर गोष्टच निराळी. जून १७८८मध्ये बाप्तिस्मा झालेला मुलगा १८०९च्या जुलैनंतर अल्पवयीन असू शकत नाही. मग मृत्युपत्रातला जॉन त्याच्यानंतर जन्मलेला असणार, म्हणजे पहिला जॉन दगावला आणि पुढच्या मुलाला तेच नाव दिलं. त्या काळात हे इतकं नेहमीचं होतं की एका घरात तीन जॉनही सापडतात, तिसरा जगलेला. तेव्हा मृत्युपत्रावरची तारीख महिन्यासकट टिपून घ्या.

दुसरं, तुमच्याकडे आहे तो कागद कोणता? मृत्युपत्र सादर झालं की कारकून ते मोठ्या वहीत उतरवून घेई; ऑनलाइन मिळते ती बहुधा ही वहीतली नक्कल. सगळं एका हातचं, विरामचिन्हांचा पत्ता नाही, नुसतं ‘आयटम’, ‘आयटम’ करत पुढे जाणारं. सह्या मूळ कागदावर असतात. १२ जानेवारी १८५८पूर्वी मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. हॅलिफॅक्सकरांची यॉर्कला, पाँटफ्रॅक्ट डीनरी या चर्चच्या विभागाच्या नावाखाली. मूळ प्रती आणि वह्या दोन्ही बॉर्थविकमध्ये आहेत. यॉर्क आणि कँटरबरी या चर्चच्या दोन्ही प्रांतांत मालमत्ता असणाऱ्याचं मृत्युपत्र मात्र कँटरबरीच्या वरिष्ठ न्यायालयात जाई. ते दप्तर क्यूला आहे, प्रॉब ११ मालिकेत. म्हणून घरातल्या कुणाचं मृत्युपत्र यॉर्कला नाही मिळालं, तर ‘केलंच नव्हतं’ असं समजण्याआधी तिकडे बघा.

मूळ प्रतीच्या पुड्यात काय मिळू शकतं, तर व्यवस्थापकाची, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याची शपथ, सही, धंदा, गाव. जॉन स्वतः व्यवस्थापक असेल तर त्याची सही हातात येईल. आता तुमच्या विणकर जॉनच्या लग्नाचं पान काढा. २५ मार्च १७५४पासून लग्नाच्या रजिस्टरात वधूवरांनी आणि दोन साक्षीदारांनी सही किंवा फुली करायची असे. दोन्ही सह्या शेजारी ठेवा. एकीकडे सरावलेल्या हाताची सही आणि दुसरीकडे फुली, असं निघालं तर विल्यमची बाजू लंगडी पडते. मोडून मात्र पडत नाही. लिहिता येणारे लोकही घाईत फुली मारत. साक्षीदारांची नावं उतरवून घ्या. एकजण नेहमीचा चर्चचा सेवक निघेल, दुसरा भाऊ किंवा मेहुणा असण्याचा संभव बराच.

नात्यांचे शब्द वाचताना मराठी माणसाने जास्तच जपावं. आपल्याकडे आतेभाऊ, मावसभाऊ, मामेभाऊ, साडू, व्याही, प्रत्येकाला स्वतंत्र शब्द, म्हणून आपण वाचता वाचता मनात नेमकं नातं बसवून मोकळे होतो. जुन्या इंग्रजी मृत्युपत्रात ‘कझिन’ म्हणजे पुतण्या, भाचा, किंवा नुसता दूरचा नातलग. ‘सन-इन-लॉ’ सावत्र मुलगाही असतो. ‘ब्रदर’ म्हणजे मेहुणाही. सतराव्या शतकात ‘नेव्ह्यू’ नातवालाही म्हणत. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ हे बापलेकच असतील असं नाही. एका गावातले एका नावाचे थोरले-धाकटे दोघे, बस. तेव्हा टिपणात इंग्रजी शब्द जसाच्या तसा ठेवा, मराठी नातं पेन्सिलीने लिहा.

मृत्युपत्रात नाव नसणं हाही पुरावा नव्हे. मृत्युपत्र नसेल तर जमीन कायद्याने थोरल्या मुलाकडे जाई, आणि हिस्सा आधीच दिलेला असेल तर त्याला एक शिलिंग ठेवून विषय संपवत. म्हणून जोसेफच्या मृत्युपत्रात जॉन नाही, तेव्हा तो त्याचा मुलगा नाही, असा उलटा हिशोब करू नका. त्याहून उपयोगी कागद म्हणजे मूलबाळ नसलेल्या काकाचं किंवा अविवाहित आत्याचं मृत्युपत्र. बाप ‘माझी मुलं’ म्हणून थांबतो. आत्या पुतणे-भाच्या एकेक नावाने, गावासकट मोजते. विवाहित बाईला १८८२पूर्वी नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येणं कठीण होतं, त्यामुळे बायकांत शोधायच्या त्या विधवा आणि अविवाहित. त्या आडनावाची १७८० ते १८५८ मधली हॅलिफॅक्स परिसरातली सगळी मृत्युपत्रं यादीत घ्या, फक्त विल्यमचं नको. आडनावाची स्पेलिंगं तीन-चार तऱ्हेने शोधा.

१७९६पासून वारसांवर कर बसला, आणि त्याची रजिस्टरं क्यूला आयआर २६ मालिकेत १९०३पर्यंतची आहेत. ४० पौंड घेणारा जॉन मृताचा कोण, हे करवसुलीवाल्याला माहीत हवं असे, कारण कराचा दर नात्यावर ठरे. १८११च्या प्रोबेटची तिथली नोंद जरूर काढा.

पण माझा खरा भर असेल तो जमिनीच्या कागदांवर. विल्यमच्या मृत्युपत्रात घर किंवा शेत आहे का? असेल तर तुम्ही नशीबवान आहात, कारण वेस्ट रायडिंगमध्ये, म्हणजे यॉर्कशायरच्या पश्चिम भागात, दस्त नोंदवण्याचं कार्यालय वेकफील्डला १७०४पासून होतं, इंग्लंडातलं असं पहिलंच. १८११नंतर त्या मालमत्तेचा दस्त झाला असेल तर ‘जॉन, अमक्या ठिकाणचा विणकर, कै. विल्यमचा मुलगा’ अशी ओळ मिळू शकते. त्यातल्या ठिकाणाचं नाव तुमच्या जॉनच्या मुलांच्या बाप्तिस्म्यांशी ताडून पाहा. १८१३पासून छापील रजिस्टरात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण दोन्ही येतं, आणि त्या डोंगरात ते ठिकाण बहुतेकदा एखाद्या वस्तीचं किंवा शेतघराचं नाव असतं. वस्ती तीच निघाली तर दुवा पक्का बांधला गेला. सॉवर्बी वेकफील्डच्या जहागिरीत मोडत असे. जमीन त्या जहागिरीकडून धरलेली असेल तर १२७४पासूनची तिथल्या कचेरीची दप्तरं शिल्लक आहेत, आणि वारस दाखल करताना त्यात ‘मुलगा व वारस’ असं स्पष्ट लिहिलं जाई. १७३३पर्यंत ती लॅटिनमध्ये आहेत, तुम्हाला हवा तो काळ इंग्रजीत.

जोसेफ गरीब असेल तर त्याच्या जॉनचा माग निराळ्या दप्तरात लागेल. गरिबांना मदत कुठल्या गावाने द्यायची यावरून गावागावांत भांडणं होत, आणि त्यासाठी माणसाला बसवून जन्म कुठे, शिकाऊ म्हणून कुणाकडे होतास, बाप कुठला, असं विचारून लिहून घेत. शिकाऊ मुलांचे करारही याच पुडक्यांत असतात. हॅलिफॅक्सच्या अभिलेखागारात सॉवर्बी टाउनशिपचे (पॅरिशच्या पोटविभागाचे) कागद मागा.

एक अगदी सोपा कागद तुमच्या पत्रात दिसत नाही. तुमचा जॉन १ जुलै १८३७नंतर विधुर होऊन पुन्हा बोहल्यावर चढला होता का? चढला असेल तर लग्नाच्या दाखल्यावर त्याच्या बापाचं नाव आणि धंदा असेल, आणि वरचं निम्मं काम रद्द. १८५१च्या घरातली बायको पोरांच्या आईपेक्षा निराळी आहे का, ते आजच पाहा. मृत्यूच्या दाखल्यात मात्र आईबापांची नावं नसतात; तो मागवाल तर वय आणि खबर देणाऱ्यासाठी मागवा.

विणकर आणि कापडवाला या फरकावर फार विसंबू नका. विल्यमला मृत्युपत्रात ‘क्लोदियर’ म्हटलं असेल, तर तो घरी कापड तयार करून विकणारा. हॅलिफॅक्सचा पीस हॉल १७७९मध्ये अशाच लोकांसाठी उघडला. तीनशेवर खोल्या, आठवड्याला बाजार. त्यांतले बरेचजण एकदोन माग आणि चार एकर शेताचे धनी होते. अशाचा मुलगा १८५१ला मजुरीवर विणताना दिसला तर त्यात नवल नाही. गिरण्यांनी हातमागवाल्यांची तशीच गत केली. सासूबाईंच्या घरातली ‘मोठे व्यापारी’ ही आठवण त्यामुळे दोन्ही जॉनना सारखीच लागू पडू शकते.

१६१० पर्यंतची साखळी सध्या बाजूला ठेवा. खालचा दुवा ठरल्याशिवाय वरचे सगळे दुसऱ्यांचेच पूर्वज असू शकतात. पुढे तिथे पोचलात तर दोन खड्डे सांगून ठेवते. १७५२पूर्वी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदले. रजिस्टरात लग्न ‘३ मे १७२२’ आणि बाळाचा बाप्तिस्मा ‘१२ फेब्रुवारी १७२२’ दिसला तर बाळ आधीचं नाही. तो आपल्या हिशोबाने फेब्रुवारी १७२३. लिहिताना १७२२/२३ असं लिहा. आणि १६५३ ते १६६० या काळात रजिस्टरं चर्चच्या हातून काढून घेतली होती, मृत्युपत्रंही लंडनलाच सिद्ध होत. त्या सात वर्षांवरून साखळी अलगद उडी मारून गेलेली दिसली तर तिथे बोट ठेवा. सतराव्या शतकातलं हस्ताक्षर मोडीसारखंच सवयीने वाचता येतं, पण आठवड्याभरात नाही.

डीएनए चाचणीचा मोह होईल. सासूबाईंच्या भावाने किंवा भावाच्या मुलाने बापाकडून मुलाकडे येणारी वाय चाचणी केली तरी इथे ती निकाल देईलच असं नाही. विल्यम आणि जोसेफ एकाच आडनावाचे, एकाच डोंगरातले. चुलतभाऊ निघाले तर दोघांच्या वंशजांत तीच खूण सापडेल.

ऑक्टोबरपर्यंत वेळ थोडा आहे, म्हणून क्रम असा ठेवा : आधी मूळ पानं आणि बालदफनं, मग दुसऱ्या लग्नाचा दाखला, मग मृत्युपत्राची मूळ प्रत आणि वेकफील्डचे दस्त. पहिल्या दोन गोष्टी एका शनिवारी होतात. बॉर्थविकला मात्र आधी कळवून जा, आणि मृत्युपत्राच्या सूचीतला संदर्भ क्रमांक सोबत न्या.

तोवर नाही ठरलं, तर फ्रेममध्ये जॉनपर्यंत पक्की रेघ छापा, आणि त्याच्या वर तुटक रेघेने विल्यम आणि जोसेफ दोघांची नावं, बाप्तिस्म्याच्या तारखा आणि चर्चच्या नावासकट. १८५१च्या पानाची छान प्रत खाली लावता येईल; जॉनच्या नावासमोर ‘हातमाग विणकर’ असं गणकाने लिहिलेलं सासूबाईंना स्वतः वाचता येईल. आणि फ्रेमवाल्याला पाठीचा पुठ्ठा चिकटवू नको, स्क्रूवर ठेव म्हणून सांगा.